पाय न भिजवता सर्फ गाणं कसं लिहावं

सर्फ संगीतात, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरच्या साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांत, नाव काढायचं असेल तर पहिलं पथ्य : समुद्राच्या वाटेला जाऊ नका. पाण्यात उतरलात की नाकातोंडात खारं पाणी जातं, डोळे चुरचुरतात, फळी डोक्यात बसते आणि गाणं राहतं बाजूला. बीच बॉईज या बँडचं बघा. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नची पोरं. तीन विल्सन भाऊ, एक आतेभाऊ, एक मित्र. पाचांत खरोखर लाटांवर जाणारा एकटा डेनिस, म्हणून त्याला ड्रमवर बसवला. गाणी रचायचं काम ब्रायनकडे, ज्याचं आणि समुद्राचं फारसं जमलंच नाही. कामाची वाटणी असावी तर अशी.

ब्रायनइतकी प्रतिभा नसेल तर निदान समुद्रच नसलेल्या गावी जन्म घ्या. १९६३ मध्ये ‘सर्फिन बर्ड’ गाजवणारे ट्रॅशमेन मिनियापोलिसचे. कुठलाही महासागर हजाराहून जास्त किलोमीटर लांब. रिव्हिंग्टन्स नावाच्या मंडळींची दोन गाणी त्यांनी एकमेकांना शिवली (श्रेय नंतर द्यावं लागलं, पण तो हिशेबाचा भाग). गाण्यात लाट नाही, फळी नाही. एक पक्षी आहे, तो कसला ते कुणी सांगत नाही, आणि मधे गायकाच्या घशातून असे आवाज निघतात की ऐकणाऱ्याने डॉक्टरला फोन करावा. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट चौथा क्रमांक.

चालीसाठी डोकं शिणवू नका. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’मध्ये शहरांची नावं होती. ती काढून किनाऱ्यांची घातली की झालं बीच बॉईजचं ‘सर्फिन यूएसए’. हक्क बेरीच्या प्रकाशकाकडे गेले, पण किनारे तर तुमचेच राहिले ना?

गिटारवाल्या डिक डेलच्या नादी मात्र लागू नका. हा गृहस्थ खरंच सर्फिंग करायचा आणि लाटेचा दणका गिटारीतून काढायच्या हट्टापायी अँप्लिफायर जाळायचा. शेवटी गिटारी आणि अँप्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडरला त्याच्यासाठी जास्त ताकदीचा बनवावा लागला. आणि एवढं करून गाजलं काय, तर ‘मिसिरलू’, पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल, लेबनानी वडिलांच्या गोतावळ्यात कानावर पडलेली. त्यापेक्षा सर्फारिज हा बँड शहाणा. ‘वाइप आउट’च्या सुरुवातीला काहीतरी कडाकन मोडल्याचा आवाज, मग एक वेडगळ खिदळणं, मग गाण्याचं नाव. शब्द संपले! पुढचं सगळं ड्रमवाल्याच्या जिवावर.

लाटांचा कंटाळा आला की गाड्यांकडे वळा. इथे प्रेयसीच्या डोळ्यांवर वेळ दवडायचा नसतो. बीच बॉईजचं ‘४०९’ हे पै पै साठवून घेतलेल्या शेवरोलेवरचं प्रेमगीत, आणि ४०९ म्हणजे इंजिनाची क्षमता, घन इंचांत. त्यांचंच ‘लिटल ड्यूस कूप’ ऐका. १९३२ ची फोर्ड, तिचा क्लच, तिचे गियर, इंजिन कुठे कोरलं, कुठे रुंद केलं, सगळं एका दमात. शब्द लिहायला खास रॉजर ख्रिश्चन हा गाडीवेडा रेडिओ निवेदक धरला होता. फुशारकीचा कळस कुठला, तर गाडीचे कागद स्वतःच्या नावावर असणं. ‘स्वतःचा टू बीएचके’ असं स्थळाच्या माहितीपत्रकात ज्या थाटात लिहितात, अगदी तोच थाट. मला हे कडवं मनापासून आवडतं. बंडखोरी करायची, पण नोंदणी चोख ठेवून.

खलनायक हवाच असेल तर बाप घ्या. ‘फन, फन, फन’मधली मुलगी लायब्ररीत जाते सांगून बापाची थंडरबर्ड उडवते आणि शेवटी किल्ली गमावते. बाप प्रत्यक्षातही उपयोगी पडतो. ब्रायनने ‘सर्फ सिटी’ हे गाणं जॅन अँड डीन या गायक जोडीला देऊन टाकलं आणि १९६३ च्या जुलैत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा विल्सनांचे तीर्थरूप, जे बँडचे मॅनेजरही होते, भयंकर भडकले. गाण्यातल्या त्या गावात म्हणे एकेका मुलामागे दोन-दोन मुली. जनगणना कुणी केली, विचारू नये.

विनोद हवा असेल तर स्टिअरिंग म्हातारीच्या हाती द्या. जॅन अँड डीनच्या गाण्यातली पासाडेनाची आजी भल्याभल्यांना शर्यतीत हरवते आणि पोरं तिला ओरडून ओरडून चेव आणतात. शोकांतिका हवी असेल तर एक धोक्याचं वळण, दोन गाड्या आणि इस्पितळात शुद्धीवर येऊन गोष्ट सांगणारा नायक. १९६४ च्या ‘डेड मॅन्स कर्व्ह’मध्ये जॅन बेरीने नेमकं हेच गायलं. १२ एप्रिल १९६६ ला बेव्हर्ली हिल्समध्ये, त्याच नावाच्या वळणापासून जवळच, त्याची कॉर्व्हेट उभ्या ट्रकवर आदळली. मेंदूला जबर मार बसला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं पुन्हा शिकावं लागलं. नंतर तो पुन्हा मंचावर उभा राहून गायला. या कलमावर मला गंमत सुचत नाही, सबब ते वगळावं.

तुम्ही आपली ‘लिटल होंडा’ घ्या. हे बीच बॉईजचंच गाणं, हिट केलं हॉन्डेल्सनी, तेही १९६४ मध्येच. ४०९ घन इंचांवरून एकदम चिमुकल्या दुचाकीवर उतरायचं, आणि गाणारा तरी स्वर्ग हाती लागल्यासारखाच. ध्रुवपदाला विषय शोधायचीही गरज नाही. पहिला गियर टाका, दुसरा टाका, तिसरा टाका. चौथा त्या गाडीला नाहीच.