‘टेपची कॉपी पलीकडे आहे ना, मग झालं’? नाही, झालं नाही

गेले काही दिवस मेनफ्रेमवाल्यांच्या (बँकांसारख्या मोठ्या संस्थांचे मोठे संगणक सांभाळणाऱ्यांच्या) ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: टेप आता व्हर्च्युअल झाली, म्हणजे मेनफ्रेमला ती टेपच वाटते, पण लिहिलेलं आधी डिस्कवर जातं. जे लिहाल त्याची कॉपी दुसऱ्या साइटवर आपोआप जाते. टेपमध्ये असतो तो फक्त बॅकअप, आणि ड्राइव्हही आता वेगवान आहेत. त्यामुळे टेपसाठी डीआरचं (डिझास्टर रिकव्हरी: मुख्य साइट गेली तर दुसरीकडे काम उभं करणं) वेगळं नियोजन म्हणजे जुन्या लोकांनी आपली खुर्ची टिकवायला काढलेलं काम.

मी पुण्यात बसून परदेशातल्या ग्राहकांचं मेनफ्रेम स्टोरेज सांभाळतो, त्यामुळे ‘जुन्या लोकां’त माझीही गणती होते. तरी एकेक मुद्दा घेऊ.

‘टेपमध्ये फक्त बॅकअप असतो.’ इथेच पहिली गफलत आहे. झेडओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एचएसएम नावाचं, डेटा हलवणारं सॉफ्टवेअर चालतं. बरेच दिवस कुणी न उघडलेला डेटासेट (मेनफ्रेमची फाइल) ते डिस्कवरून उचलतं आणि एमएल-२, म्हणजे सर्वांत खालच्या थराच्या, टेपवर नेऊन ठेवतं. डिस्कवर त्यानंतर काहीच उरत नाही. म्हणजे टेपवर आहे तोच मूळ डेटा, आणि डुप्लेक्स (एकदम दोन टेपवर लिहिणं) चालू नसेल तर तेवढाच. नुसत्या डिस्कच्या मिररिंगवर (पलीकडे हुबेहूब प्रत ठेवण्यावर) भरवसा ठेवून डीआरला गेलात तर सिस्टिम उभी राहील, लॉगऑनही होईल. मग तिमाहीअखेरचा एखादा जॉब जुनी फाइल मागेल, रिकॉल (टेपवरून डिस्कवर परत आणणं) सुरू होईल, आणि टेप तिकडे नसेल.

‘कॉपी आपोआप जाते.’ जाते, पण कधी? टीएस ७७०० या आयबीएमच्या व्हर्च्युअल टेप यंत्रांच्या ग्रिडमध्ये (एकमेकांना जोडलेल्या यंत्रांत) हे तुम्ही ठरवायचं असतं: लिहितानाच, टेप अनलोड होताना, की सवडीने. बऱ्याच ठिकाणी ‘सवडीने’ निवडलेलं असतं, कारण त्यात रात्रीची बॅच (एकामागून एक चालणारे जॉब) अडत नाही. मग पहाटे तीनला, बॅच ऐन भरात असताना, रांगेत किती टेप थांबलेल्या असतात हे एकदा बघाच. तुमचा आरपीओ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल ती मर्यादा) करारात लिहिलेला नसतो, त्या रांगेत असतो. आणि लिहितानाच कॉपी हवी असेल तर साइटमधलं अंतर वाढलं की जॉब रेंगाळतात, म्हणून दोन्ही साइट जवळजवळ ठेवायचा मोह होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. दोन्ही साइट मुंबईच्या परिसरातच ठेवणाऱ्याने तो आकडा आठवावा.

दुसरं म्हणजे, चूकही आपोआपच जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल गायब झाले. प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण स्टोरेज सॉफ्टवेअरच्या एका बगने त्यातल्या कित्येक एकदम उडवल्या. मेल परत आले ते ऑफलाइन ठेवलेल्या टेपवरून. चुकीने स्क्रॅच झालेल्या (पुन्हा लिहायला मोकळ्या ठरलेल्या) टेपचंही तसंच. तिचा स्क्रॅच दर्जा ग्रिडमधल्या सगळ्या क्लस्टरांवर (यंत्रांवर) पोचतो, आणि डिलीट लांबवण्याची मुदत लावलेली नसेल तर तुमची ‘दुसरी कॉपी’ही गेली.

मेनफ्रेमचंच उदाहरण हवं असेल तर जून २०१२ चं आरबीएस-नॅटवेस्ट या बँकांचं घ्या. इमारत जागेवर, यंत्रं शाबूत, वीज चालू. बॅच शेड्यूलरचं (जॉब क्रमाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपग्रेड मागे घेताना घोळ झाला आणि ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून जास्त ग्राहकांच्या व्यवहारांना फटका बसला. पुढे नियामकांनी ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. अशा वेळी पलीकडची साइट काय कामाची? तिथेही तोच घोळ, फक्त दोन सेकंद उशिरा.

‘कॉपी आहे म्हणजे रिस्टोर होईल.’ या मुद्द्याने मी पोळलोय, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या सुरुवातीच्या एका ड्रिलची (मुख्य साइट गेली असं मानून केलेल्या सरावाची) गोष्ट. ग्राहकाचं नाव सांगत नाही. टेप खऱ्या, कार्ट्रिजच्या, आणि तिजोरीच्या गोदामातून डीआर साइटवर वेळेवर पोचलेल्या. आम्ही पुण्यातून रात्रीच्या कॉलवर. पहिली पायरी होती टेप कॅटलॉगचा (कुठल्या टेपवर काय आहे त्या नोंदींचा) बॅकअप परत आणणे. तो कुठल्या टेपवर आहे? ते टेप कॅटलॉगमध्ये लिहिलेलं. रोज एक जॉब ‘आज बाहेर पाठवलेल्या टेप’ अशी सुंदर यादी काढायचा, आणि ती एका डेटासेटमध्ये ठेवायचा. त्याच मेनफ्रेमवर, जो ड्रिलच्या हिशेबाने जळून गेला होता.

मग तिकडचा ऑपरेटर फोनवर एकेका कार्ट्रिजवरचा सहा अक्षरी व्हॉल्सर (टेपचा क्रमांक) वाचू लागला आणि मी वहीत उतरवू लागलो. नुसता व्हॉल्सर कळून भागत नाही, आत काय आहे तेही कळायला हवं. त्यासाठी टेप लावून लेबल वाचायचं. डेटासेटचं नाव ४४ अक्षरांपर्यंत असू शकतं, पण एचडीआर-१ लेबलात त्याला जागा १७ अक्षरांची, तीही शेवटची सतरा. आमच्या सगळ्या बॅकअपच्या नावांची शेपटं सारखीच होती. ‘वीकली, जनरेशन अमुक’ एवढं दिसायचं; कुणाचं वीकली, ते नाही. अडीच तासांनी कॅटलॉगवाली टेप सापडली. कॅटलॉग उभा राहिला आणि पहिला रिस्टोर जॉब माउंट मागत थांबला, कारण तो जीडीजीचं (एकाच फाइलच्या लागोपाठच्या आवृत्त्यांचं) जे जनरेशन मागत होता ते त्या रात्रीच्या खेपेत आलंच नव्हतं. कॅटलॉग एका वेळेचा, टेप दुसऱ्याच वेळेच्या.

व्हर्च्युअल टेपने हे सुटत नाही. टेप जागच्या जागी असतात हे खरं, पण टेप कॅटलॉग, एचएसएमचे कंट्रोल डेटासेट (त्याच्या नोंदी) आणि आयसीएफ कॅटलॉग (कुठला डेटासेट कुठे आहे ती यादी) एकाच क्षणाचे असावे लागतात, आणि तो क्षण कुठला हे माणसाने ठरवावं लागतं. उलट एक अडचण वाढली. टीएस ७७०० च्या मागच्या कार्ट्रिजवर शेकडो व्हर्च्युअल टेप रचलेल्या असतात. ती उचलून साध्या ड्राइव्हमध्ये घातली तर मेनफ्रेमला काही वाचता येत नाही. पलीकडे दुसरं टीएस ७७००च लागतं.

‘ड्राइव्ह आता वेगवान आहेत.’ आहेत. २०२३ च्या टीएस ११७० ड्राइव्हच्या एका कार्ट्रिजमध्ये कॉम्प्रेशनशिवाय ५० टीबी मावतात, वेग सेकंदाला ४०० एमबी. भागाकार करा: एक कार्ट्रिज सलग वाचायला जवळपास ३५ तास. टेपची क्षमता ज्या गतीने वाढली त्या गतीने वेग वाढलेला नाही. शिवाय रिस्टोर सलग नसतो. समजा डिस्क कॅशमध्ये नसलेल्या २,००० व्हर्च्युअल टेप हव्यात, प्रत्येकीला लोड, शोध, वाचन, अनलोड धरून तीन मिनिटं, आणि ड्राइव्ह आठ. साडेबारा तास झाले. जॉब अजून एकही चालू नाही. आधी काय आणायचं याचा क्रम कुणी लिहून ठेवलेला नसेल तर पगाराच्या फाइलआधी सहा वर्षांपूर्वीचे रिपोर्ट येतात.

एन्क्रिप्शन हा शब्द फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. २००५ मध्ये सिटीग्रुपच्या ३९ लाख ग्राहकांची माहिती असलेल्या टेप कुरिअरमध्ये हरवल्या. अशा प्रकारांनंतर ड्राइव्हमध्येच एन्क्रिप्शन आलं, आणि ते हवंच. पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठेवणारा की-सर्व्हर मुख्य साइटवरच असेल, किंवा किल्ल्यांचा बॅकअप त्याच किल्ल्यांनी बंद केलेल्या टेपवर असेल, तर कपाटाची चावी कपाटात.

‘आमचं ड्रिल दर वेळी पास होतं.’ हे फॉरवर्डखालच्या प्रतिसादांमध्ये होतं. तारीख महिनाभर आधी ठरलेली, खास ड्रिलसाठी आदल्या दिवशी घेतलेला ताजा बॅकअप, आणि मुख्य साइट चालूच, म्हणजे अडलं की तिकडे डोकावता येतं. हे ड्रिल पास व्हायचंच. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या आयटी गव्हर्नन्सच्या निर्देशांत महत्त्वाच्या सिस्टिमचं ड्रिल किमान सहा महिन्यांनी करायला सांगितलंय, आणि बॅकअप अधूनमधून रिस्टोर करून वापरता येतो का हे तपासायलाही. दुसरा भाग लोक वाचत नाहीत.

फॉरवर्डचं एक मात्र मान्य. ट्रकमधून टेप नेण्याचे दिवस बहुतेक ठिकाणी संपले, आणि बरं झालं. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विमानं जमिनीवर खिळली, तेव्हा टेप रस्त्याने न्यायची वेळ आली होती.

राहिला खुर्चीचा मुद्दा. त्या ड्रिलनंतर यादीचा जॉब आम्ही बदलला. आता यादी तीन ठिकाणी जाते: दोन मेलबॉक्स, आणि डीआर साइटवरचा प्रिंटर. तिथला माणूस रोज सकाळी कागद फाइलला लावतो आणि कालचा फाडून टाकतो. टीममधली नवी मुलं त्यावर हसतात. गेल्या ड्रिलमध्ये एक मेलबॉक्स भरलेला निघाला आणि दुसऱ्याचा पासवर्ड संपलेला.