म्हणे, दुर्बिणीनेच स्वादुपिंड बिघडतं!

"स्वादुपिंडाच्या पेशंटला दुर्बीण अजिबात घालू देऊ नका. दुर्बिणीनेच पँक्रियाटायटिस होतो. गाठीला सुई टोचली की कॅन्सर पसरतो. सुजेनंतर पोटात साठलेलं पाणी लगेच ऑपरेशन करून काढा. स्टेंट हा डॉक्टरांचा धंदा आहे. खडे असतील तर कुळथाचं पाणी प्या, महिन्यात विरघळतात."

हा मजकूर फॅमिली ग्रुपवर जोरात फिरतोय. खाली "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला" असं लिहिलंय, फक्त त्या मोठ्या डॉक्टरांचं नाव राहून गेलंय. मजकूर सरसकट खोटा असता तर दोन ओळींत निकाल लागला असता. पण यात खऱ्याचा अंश आहे आणि तेवढ्याच जोरावर बाकीचं लोकांच्या गळी उतरतं.

"दुर्बिणीनेच पँक्रियाटायटिस होतो"

पँक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला येणारी सूज. पण कोणत्या दुर्बिणीने? जठर तपासायची साधी दुर्बीण स्वादुपिंडापर्यंत पोहोचतच नाही, कारण ते जठराच्या मागे असतं. एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, यात दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. जठराच्या आणि लहान आतड्याच्या भिंतीतून तो अगदी जवळून स्वादुपिंड पाहतो. सीटीत निसटलेली बारीक गाठ किंवा पित्ताशयातला सोनोग्राफीला न दिसणारा गाळ यात सापडतो. नुसतं पाहायचं असेल तर स्वादुपिंडाच्या नळीला हातही लागत नाही.

मजकुरातली भीती आहे ती तिसरीची, ईआरसीपीची. यात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे उघडतात, त्या बारीक तोंडातून तार घालतात, डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडतात आणि एक्स-रेवर पाहतात. ते तोंड सुजलं, नळीत दाब वाढला, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शंभरात साधारण ३ ते १० जणांना ती येते. बहुतेकांची सौम्य असते, पण काहींची गंभीर होते आणि क्वचित जीवही जातो. म्हणजे हे वाक्य हवेतलं नाही.

पण हा धोका डॉक्टरांपासून लपलेला नाही. त्यामुळेच नुसत्या निदानासाठी ईआरसीपी करणं जवळपास बंद झालंय; ते काम एमआरसीपी (एमआरआयने नलिकांचं चित्र काढणं) आणि ईयूएस करतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत बहुतांशी जास्त जोखमीच्या ६०२ पेशंटपैकी निम्म्यांना ईआरसीपीनंतर लगेच गुदद्वारातून इंडोमेथॅसिन हे सूज कमी करणारं औषध दिलं. ते न मिळालेल्यांत १६.९ टक्क्यांना सूज आली, मिळालेल्यांत ९.२ टक्क्यांना. औषध जुनं आणि स्वस्त. 'ते देणार आहात ना?' हे डॉक्टरांना जरूर विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही.

पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली म्हणून प्रत्येकाला तातडीने ईआरसीपी लागते, असंही नाही. नेदरलँड्समध्ये २३२ पेशंटवर झालेल्या चाचणीत (२०२०) पित्तनलिकेत जंतुसंसर्ग नसेल तर घाईच्या ईआरसीपीने फायदा दिसला नाही. मात्र थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटदुखी एकत्र आली, म्हणजे नलिकेत पू तुंबण्याची शक्यता असली, तर तिथे 'दुर्बीण नको' म्हणून अडून बसणारा नातेवाईक पेशंटचा जीव धोक्यात घालतो.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो"

सुईच्या मार्गावर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण थोडी. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात, म्हणजे लहान आतड्याला लागून असलेल्या टोकात असेल तर सुई लहान आतड्याच्या ज्या भागातून जाते तो भाग पुढच्या ऑपरेशनमध्ये काढलाच जातो. शेपटीकडच्या गाठीला सुई जठरातून जाते आणि जठर मागे उरतं, म्हणून तिथे विचार जास्त करावा लागतो. सीटीवर चित्र स्पष्ट आहे, गाठ सरळ काढता येण्याजोगी आहे, तर बायोप्सीशिवाय ऑपरेशन करतात. केमो आधी द्यायची असेल तर मात्र तुकडा हवाच. शिवाय ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते) नावाचा एक आजार हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ओसरतो. तिथे निदान चुकलं तर स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा भाग आणि पित्ताशय विनाकारण जातं.

"पाणी लगेच ऑपरेशन करून काढा"

सगळ्या मजकुरात मला हे वाक्य सर्वांत घातक वाटतं. गंभीर सुजेत स्वादुपिंडाचा काही भाग मरतो, भोवती द्रव आणि मेलेल्या पेशींचा चिखल साठतो. सुरुवातीला त्याला सीमा नसते, पक्की भिंत तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्याआधी पोट उघडलं तर हाताला लागतो तो रक्तस्राव.

नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी या प्रश्नाचा दहाएक वर्षं पाठपुरावा केला. २०१० च्या चाचणीत थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला. आधी द्रव बाहेर काढायची नळी टाकून, गरज पडली तरच पुढे जाणाऱ्या गटात हे प्रमाण ४० टक्के होतं. २०१८ मध्ये त्यांनी दुर्बिणीचा मार्ग आणि छोट्या छेदाचं ऑपरेशन समोरासमोर ठेवलं. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतीत फरक पडला नाही, पण स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपत राहण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ३२ टक्के होतं, दुर्बिणीच्या गटात ५ टक्के. २०२१ च्या चाचणीत तर थांबण्याचीच परीक्षा घेतली. जंतुसंसर्ग झालेला असूनही ज्यांना ही नळी टाकणं मुद्दाम लांबवलं, त्यांतले ३९ टक्के नुसत्या अँटिबायोटिकवर बरे झाले. नळी लागलीच नाही.

त्रास न देणारं पाणी तर बऱ्याचदा आपोआप जिरतं. रिपोर्टमधला सेंटिमीटरचा आकडा पाहून घाबरू नका, पेशंट जेवतोय का, ताप आहे का, उलट्या थांबल्या का ते पाहा.

"स्टेंट हा धंदा आहे"

इथे मी मजकुराला पूर्ण नापास करणार नाही. स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या कॅन्सरने कावीळ झाली की ऑपरेशनआधी सवयीने स्टेंट, म्हणजे तुंबलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला जायचा. २०१० च्या एका चाचणीत असा स्टेंट टाकलेल्यांत गंभीर गुंतागुंत ७४ टक्के, सरळ ऑपरेशन झालेल्यांत ३९ टक्के निघाली. कावीळ फार चढलेली असेल, नलिकेत जंतुसंसर्ग असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. एरवी 'ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, मग स्टेंट कशाला?' हा प्रश्न रास्त आहे.

टाकून विसरलेला स्टेंट ही त्याहून मोठी पंचाईत. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो. सुजेनंतर साठलेल्या पाण्याच्या पिशवीत जठरातून टाकलेला धातूचा रुंद स्टेंट तीन-चार आठवड्यांत काढावा लागतो, नाहीतर रक्तस्रावाचा धोका वाढतो. बरं वाटू लागलं की माणसं फिरकत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

"कुळथाने खडे विरघळतात"

मुतखड्याचा उपाय उचलून स्वादुपिंडाला चिकटवलाय. स्वादुपिंडातले खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते विरघळवणारं औषध नाही. कुळथाचं पिठलं खुशाल खा, खड्याला त्याचं काही नाही.

नळीतले मोठे खडे बाहेरून शॉकवेव्हने फोडता येतात. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने हजारावर पेशंटचा असा अनुभव २०१० मध्येच मांडला. पण तिथेच पुढे १०६ पेशंटवर चाचणी झाली, निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना नुसता देखावा. १२ आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटाचं दुखणं थोडं कमी होतं, २४ आठवड्यांनी तो फरक उरला नाही. आणि २०२० च्या डच चाचणीत ८८ पेशंटपैकी ज्यांचं ऑपरेशन लवकर झालं, त्यांना आधी दुर्बिणीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा दीड वर्षात कमी दुखलं.

म्हणजे दुर्बिणीला मर्यादा आहेतच, फक्त त्या मजकुरात सांगितलेल्या नाहीत. नळी रुंदावलीय, खड्यांनी भरलीय, दुखण्यासाठी रोज गोळ्या लागतायत, अशा पेशंटला स्वादुपिंडाच्या सर्जनकडे पहिल्या स्टेंटच्या आधी पाठवायला हवं. आपल्याकडे बहुतेकदा तो चौथ्या स्टेंटनंतर पोहोचतो.