सोन्याचा गेंडा आणि आपली घाई

परवा आमच्या इतिहासाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी सोन्याच्या गेंड्याचा फोटो टाकला. खाली ओळ : 'आफ्रिकेच्या थडग्यात भारतीय गेंडा!' युक्तिवाद सोपा. आफ्रिकेतल्या गेंड्यांना दोन शिंगं, याला एकच, म्हणजे हा आपला. पाच मिनिटांत अंगठे, झेंडे, सगळं. तिथे वाद घातला नाही (काका वडिलांचे मित्र आहेत), म्हणून इथे लिहितोय.

हा गेंडा मापुंगुब्वेचा. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळची ही टेकडी. साधारण १२२० ते १३०० या काळात तिच्या माथ्यावर राजघराणं राहायचं आणि बाकीची वस्ती पायथ्याशी. आपल्याकडे देवगिरीला यादव होते, तेव्हाची ही गोष्ट.

गेंडा भरीव नाही. लाकडाचा गाभा कोरून त्यावर सोन्याचा पातळ पत्रा सोन्याच्याच बारीक खिळ्यांनी ठोकलेला. आपल्याकडे देव्हारा नाहीतर पालखी चांदीनं मढवतात ना, तसा मढवलेला. लाकूड कधीच कुजून गेलं. उरलेलं सोनं जेमतेम ४२ ग्रॅम, आजच्या सराफी हिशोबात चार-सव्वाचार तोळे. आज आपण पाहतो तो गेंडा तुटक्या पत्र्यांतून पुन्हा जोडलेला आहे. अशा मूर्तीची शिंगं मोजून तिचं गाव ठरवायचं? आणि घडवणाऱ्याला राजाजवळ ठेवायला गेंड्याचा दरारा हवा होता की प्राणिशास्त्राचं चित्र? तिथल्या शोना लोकांच्या परंपरेवरून काही अभ्यासक म्हणतात, की एकटा फिरणारा, अंगावर धावून येणारा काळा गेंडा हे राजाचं रूप. मला हे पटतं, पण हाही अर्थ कित्येक शतकांनंतरच्या लोकांकडून मागे नेलेला आहे, हे विसरता येत नाही.

खरी अडचण शिंगाची नाहीच. १९३२ च्या अखेरीस स्थानिक शेतकरी व्हॅन ग्रान बापलेक आणि त्यांचे सोबती टेकडीवर चढले, थडगी उकरली आणि सोनं आपसात वाटून घेतलं. मुलगा प्रिटोरिया विद्यापीठात शिकलेला. त्यानं तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना, लिओ फुशे यांना कळवलं म्हणून ते सोनं वाचलं. पण कुठली वस्तू कुणाच्या हाताशी होती, कुठली उशाशी, हे त्या पहिल्या उकराउकरीतच गेलं. त्या सोन्यातल्या इतर वस्तूंना आपण बिनधास्त 'राजदंड' म्हणतो, 'वाडगा' म्हणतो. ही नावं आपण दिलेली.

आणि घाई फक्त आपलीच नाही. पलीकडे, आजच्या झिंबाब्वे देशात, ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराचे दगडी तट पाहून जर्मन प्रवासी कार्ल माउखला १८७१ मध्ये बायबलमधली शेबाची राणी आठवली होती. मापुंगुब्वेच्या सांगाड्यांची मापं घेऊनही हे लोक काळे आफ्रिकी नसावेत, असं ठरवून झालं. गोरे येण्याआधी हा मुलुख ओसाड होता, असं शाळेत शिकवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीला ही टेकडी अडचणीचीच होती. म्हणून काकांची ओळ मला नुसती गमतीची वाटत नाही. 'हे यांनी केलंच नसेल' हा तोच जुना सूर, फक्त झेंडा बदललेला.

भारताचा धागा हवाय? तो आहे, पण गेंड्यात नाही, मण्यांत आहे. टेकडीजवळच्या के-२ या आधीच्या वस्तीत सापडलेले काचेचे बारीक मणी दक्षिण आशियातले आहेत. हस्तिदंताच्या बदल्यात ते समुद्रापलीकडून आले. तिथल्या कारागिरांनी ते वितळवून, मातीच्या साच्यात ओतून स्वतःच्या पसंतीचे जाडजूड मणी घडवले! आपला माल त्यांना कच्चा माल होता. हे ग्रुपवर कुणी टाकत नाही.

आपल्या घरचंच बघा. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना काशाचा रथ, हत्ती, रेडा आणि हो, गेंडा सापडला. तोही असाच, शास्त्रशुद्ध उत्खननाबाहेर. तो हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या (उत्तर-हडप्पा) काळातला की नंतरचा, इथे घडला की बाहेरून आला, हा वाद अजून आहे. उद्या कुणी शिंग मोजून त्याचा निकाल लावला तर चालेल आपल्याला?

मापुंगुब्वेचे सांगाडे २००७ मध्ये पुन्हा मापुंगुब्वेलाच पुरले. सोनं मात्र प्रिटोरियातच राहिलं.