सव्विसावं टोक

आमच्या घरी पार्सल आलं की आतली वस्तू बाहेर निघायच्या आधी सासूबाईंचा आवाज येतो, "खोकं टाकू नकोस हं, कामाला येईल." इतकी वर्षं मी या वाक्याला मनातल्या मनात हसत आले. माळ्यावर कामाला यायची वाट बघत बसलेल्या खोक्यांपैकी निम्मी तरी आता निवृत्तीला टेकली असतील.

यंदा सणाच्या तोंडावर मात्र मीच जाहीर केलं की सजावटीचं काहीही विकत आणायचं नाही. जे करायचं ते घरातल्या टाकाऊतून.

कारण फार थोर नव्हतं. गेल्या वर्षीच्या चमचमत्या झिरमिळ्या आवरताना त्यांची चमकी माझ्या भुवयांत जाऊन बसली. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकचाच बारीक चुरा, त्यामुळे ती विरघळत नाही, कुजत नाही, साबणाला भीक घालत नाही. महत्त्वाच्या मीटिंगमध्ये साहेब माझ्याकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघून बोलत होते.

"म्हणजे शाळेतल्यासारखं टाकाऊतून टिकाऊ?" लेकीने विचारलं.

"आता त्याला अपसायकलिंग म्हणतात," मी म्हटलं. माहिती ताजी होती, म्हणून पुढेही बोलले. राइनर पिल्झ नावाच्या एका जर्मन अभियंत्याने १९९४ साली तक्रार केली होती की जुन्या बांधकामाच्या विटा फोडून चुरा करण्याला लोक रिसायकलिंग म्हणतात, पण त्यात वस्तूची किंमत उतरते. ती चढायला हवी.

"बरोबर बोलला तो," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढा उशीर का लागला त्याला?" आणि जुन्या साडीच्या पट्ट्यांनी विणलेल्या पायपुसण्यावर पाय पुसून आत गेल्या.

आता साधी कागदी साखळी केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला पंचवीस टोकांचा तारा करायचा होता. या ताऱ्याचा जन्म १८३०च्या दशकातला, जर्मनीतल्या नीस्की गावी मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेतला. मुलांची भूमिती पक्की व्हावी म्हणून तो करून घेत. माझी भूमिती ज्या अवस्थेत शाळेतून बाहेर पडली, ती बघता मी तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी माळ्यावर चढले.

ताऱ्याच्या पोटात सव्वीस बाजूंची एक आकृती असते, अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण. एकेका बाजूवर एकेक टोकदार शंकू बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं. माळ्यावरची सगळी खोकी कापून झाली, तेव्हा मी हिशोब केला. चौकोनी शंकूला चार बाजू, त्रिकोणी शंकूला तीन, एकूण जवळजवळ शंभर त्रिकोण. प्रत्येकाच्या तळाशी दुमडायची आणि चिकटवायची एक पट्टी. हा हिशोब कात्री लावायच्या आधी करायचा असतो, हे मला कात्री लावल्यानंतर कळलं.

थोडी चमक हवी म्हणून काही शंकू मी पेयांच्या रिकाम्या कार्टनचे केले. त्यांना पांढरा गम लावला आणि धरून बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सोडलं की शंकू कमळासारखा उमलायचा. हा गम पाण्यात कालवलेला असतो, कागद ते पाणी पितो तेव्हा तो धरतो. कार्टनला मात्र आतून-बाहेरून प्लॅस्टिकचा थर असतो, ते पाणी पिणार कुठून? मग गरम गोंद सोडणारी ग्लू गन आली. तिने एका सेकंदात शंकू चिकटला आणि दुसऱ्या सेकंदात माझा अंगठाही. शिवाय प्रत्येक थेंबामागे एक केसाएवढा धागा निघतो. तासाभराने मी, खुर्ची आणि टेबललॅम्प एकाच जाळ्यात होतो.

कागदाच्या शंकूंचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा गम सुकेपर्यंत ते टोक खाली करून उभे ठेवायचे होते. कपात ठेवले तर कलंडायचे, बाटलीच्या तोंडात ठेवले तर आत पडायचे. "या घरात एक धड स्टँड नाही," असं मी बराच वेळ सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात पुटपुटत होते. लेक आली. टेबलावर माझ्या कोपराशीच अंड्यांचा कागदी ट्रे होता, त्यात मी बटणं, टाचण्या आणि सुया नीट वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. तिने तो उचलला, सगळं भसकन टेबलावर ओतलं आणि प्रत्येक खळग्यात एकेक शंकू खोचला. सगळे ताठ उभे.

या प्रकाराला शास्त्रात जागा आहे, हे नंतर कळल्यावर जरा बरं वाटलं. कार्ल डंकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना मेणबत्ती, काड्यापेटी आणि पिनांनी भरलेली डबी दिली होती आणि मेणबत्ती भिंतीवर लावा म्हटलं होतं. युक्ती अशी की डबी रिकामी करून भिंतीला टोचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. पण डबी पिनांनी भरलेली असली की फार थोड्यांना ती दिसते. तीच रिकामी ठेवली तर कितीतरी जास्त जणांना सुचतं. मी हे लेकीला समजावून सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं, ती जमिनीवर सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करत होती.

या काळात माझी नजर बिघडली ती बिघडलीच. नवरा टूथपेस्ट संपवायचा तर मी टोपणासाठी हात पसरून दारात उभी. औषधाच्या गोळ्या संपल्या की चंदेरी पाकिटात मला दहा छोटे घुमट दिसायचे. बरी झाले याचा आनंद मागाहून. नवऱ्याने काहीही टाकण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. एकदा तर स्वतःचा फाटका मोजा दोन बोटांत धरून, पोलिसाला परवाना दाखवावा तसा, माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

सर्जनशीलतेच्याही पायऱ्या असतात म्हणे. २००९ मध्ये कॉफमन आणि बेगेटो या दोन अभ्यासकांनी तशा चार मांडल्या. सगळ्यात वर जग बदलणारे आणि तळाशी 'मिनी-सी', म्हणजे जे फक्त करणाऱ्यालाच नवं आणि अर्थपूर्ण वाटतं ते. माझ्या ताऱ्याने बहुधा तिथलंही तळघर गाठलं होतं. पण खरं सांगू का, रात्री साडेअकराला टोकाला टोक जुळून बसलं की जे वाटायचं, ते मला वर्षभराच्या पगारवाढीतसुद्धा वाटलेलं नाही. (पगारवाढ बघता ही तुलना फारशी बोलकी नाही, हे मान्य.)

सहाव्या रात्री शेवटचा शंकू बसला. सव्वीसच्या सव्वीस. मी सगळ्यांना उठवलं. दोन्ही हातांवर तारा धरून दिमाखात उभी राहिले.

"छान," नवरा म्हणाला. "बल्ब कुठून घालायचा?"

मोरावियन ताऱ्याला टोकं पंचवीसच का असतात, या प्रश्नावर मी तोवर विचारच केला नव्हता. एक चौकोन मोकळा सोडायचा असतो, टांगायला आणि दिव्याला. मी तोही भरला होता. ग्लू गनने. जी गोष्ट सहा दिवस नको तिथे सुटत होती, ती आता हवी तिथे सुटेना. शेवटी ब्रेडच्या सुरीने एक टोक कापून काढलं आणि आत छोटा एलईडी बल्ब सोडला, कारण पुठ्ठ्याच्या पोटात मेणबत्ती ठेवण्याइतकी सर्जनशीलता कुणाकडेच नव्हती. दिवा लागला. कार्टनच्या एका शंकूवर उलटा बारकोड उजळून निघाला. पाहुण्यांपैकी दोघांनी तो खास डिझाइन समजून कौतुक केलं, मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

कापलेलं सव्विसावं टोक मी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं. "राहू दे. कामाला येईल."

सण संपला. आवराआवरीत नवरा म्हणाला, साधं खोकं होतं तेव्हा रद्दीत तरी जात होतं, आता पुठ्ठा, प्लॅस्टिक, गम, वायर सगळं एकजीव, हे कोण घेणार? टाकायचं तर मनातही नव्हतं. तारा नीट ठेवायला एक मोठं खोकं हवं होतं, बस्स. मी माळ्यावर गेले. माळा इतका मोकळा मी पहिल्यांदाच पाहिला. सगळी खोकी ताऱ्यात होती.

"आई," मी खाली येऊन हळूच विचारलं, "एखादं मोठं खोकं आहे का हो तुमच्याकडे?"

त्यांनी कॉटखालून एक दणदणीत खोकं पुढे ओढलं. माझ्या कात्रीपासून लपवून ठेवलेलं. तारा त्यात आरामात मावला असता. मी हात पुढे केला.

"अगं, पण रिकामं कुठंय?" त्या म्हणाल्या. "पिशव्या आहेत त्यात."