परवाना असू द्या, पण आधी पाणी तपासा

घरी पाणी शुद्ध करणारी यंत्रं बसवणाऱ्यांना आपल्याकडेही परवाना हवा, असं म्हणणाऱ्या लेखात कॅलिफोर्नियातल्या अशाच कामाच्या सी-५५ परवान्याचा दाखला दिलाय: चार वर्षांचा कामाचा अनुभव, वर परीक्षा, मगच घरोघरी सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारी यंत्रं) बसवायचे. आपल्याकडे लातूर-बीडला हे काम कोण करतं? ज्यानं बोअरमध्ये मोटार सोडली तोच. हात चांगला असतो बऱ्याच जणांचा, नाही असं नाही. पण पाण्याचा लॅब रिपोर्ट मागणारा मला तरी अजून भेटला नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) बुडवायचा, आकडा दाखवून घाबरवायचं, आरओ गळ्यात मारायचा. त्या मीटरला नायट्रेट किंवा फ्लोराइड वेगळं दिसत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. साध्या सॉफ्टनरनं पाण्याचा जडपणा जातो, नायट्रेट मात्र तसंच राहतं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे सॉफ्टनर धुताना निघणारं मिठाचं पाणी. आमच्या गल्लीत ते सर्रास शोषखड्ड्यात सोडतात, म्हणजे फिरून बोअरकडेच! परीक्षा घेणारच असाल तर हा प्रश्न आधी घाला. आयटीआयला प्लंबरचा ट्रेड आहेच, त्यातच हे जोडा. परवान्यासाठी वेगळं कार्यालय नको, एजंट आधीच पुष्कळ आहेत.