शेळ्यांच्या जंतांवरची ‘वर्षभराची लस’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बकरी ईदेसाठी आणलेले बोकड देवनारच्या बाजारात उतरू लागले की मुंबईतल्या शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: शेळ्यांच्या पोटातील जंतांवर आता लस निघाली आहे, ती एकदा टोचली की वर्षभर जंतनाशक पाजावे लागत नाही, ती सर्व जंतांवर चालते, परदेशात सगळीकडे हीच वापरतात, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ‘पोटाची लस’ म्हणून मागितली की मिळते. सोबत एका बाटलीचे छायाचित्र असते. गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत आणि आरेतल्या पाड्यांवर जनावरे तपासताना हा संदेश मला इतक्यांदा दाखवला गेला आहे की त्यातले एकेक विधान तपासून लिहून ठेवणे सोयीचे वाटले.

लस निघाली आहे, हे विधान खरे आहे, आणि पुढचे सारे त्याच्याच आधारावर खपते. ‘बार्बरव्हॅक्स’ नावाची लस ऑस्ट्रेलियात 2014 मध्ये बाजारात आली. स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्था आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे कृषी खाते यांच्या कामातून ती तयार झाली. तिचे लक्ष्य एकच आहे: हिमोंकस कॉन्टॉर्टस हा रक्तशोषक जंत. देवनारला कापलेल्या जनावराचे चौथे पोट चिरून उघडले तर हा जंत नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते आणि रक्ताने भरलेल्या तिच्या लाल आतड्याभोवती पांढरी बीजकोशनलिका दोरीसारखी पीळ घालून गेलेली असते. पाश्चात्त्य देशांत न्हाव्याच्या दुकानाबाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब असे; लसीच्या नावातला ‘बार्बर’ त्या खांबावरून आला आहे. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात हजार जंत असतील तर रोजचे 50 मिलिलिटर होतात, आणि 25 किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच पावणेदोन लिटरच्या आसपास असते.

एकदा टोचली की वर्षभर निश्चिंती, हे विधान मात्र लस कशी चालते हे न समजून घेता केलेले आहे. या लसीत जंताच्या आतड्याच्या अस्तरावरील प्रथिने असतात. ती टोचल्यावर जनावराच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार होतात, जंत रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात आणि त्याची पचनक्रिया बिघडवतात. कल्पना सुरेख आहे, परंतु तिच्यातच एक अडचण दडलेली आहे. ही प्रथिने जंताच्या आतल्या बाजूला असल्यामुळे जनावराच्या प्रतिकारशक्तीला ती एरवी कधी भेटतच नाहीत. नैसर्गिक बाधेतून प्रतिपिंडांना उजाळा मिळत नाही, आणि तो प्रत्येक वेळी सुईनेच द्यावा लागतो. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन मात्रा आणि त्यानंतर जंतांचा हंगाम संपेपर्यंत दर सहा आठवड्यांनी एक, असा तिचा क्रम आहे. तिसऱ्या मात्रेपर्यंत पुरेसे संरक्षण येत नाही आणि तोवर जंतनाशकाची सोबत लागते.

हा क्रम मुंबईच्या पावसावर बसवून पाहावा. जूनमध्ये पाऊस धरला की उबदार ओलीत लेंड्यांमधील अंड्यांपासून आठवड्याभरात बाधक अळ्या तयार होतात आणि दवाच्या किंवा पावसाच्या थेंबांबरोबर गवताच्या पात्यांवर चढतात. म्हणजे पहिली सुई एप्रिलमध्ये पडायला हवी आणि सप्टेंबरअखेरपर्यंत एका जनावरामागे पाच सुया होतात. ईदेला दीड महिना उरला असताना घेतलेल्या बोकडाचे तर विचारायलाच नको. लसीच्या पहिल्या तीन मात्रा पूर्ण होईपर्यंत कुर्बानीचा दिवस उजाडलेला असेल.

सर्व जंतांवर चालते, हे विधान लसीच्या कार्यपद्धतीनेच खोडून निघते. जो जंत रक्त पीत नाही, त्याच्या पोटात रक्तातली प्रतिपिंडे जाणार कशी? आतड्याच्या आवरणाला इजा करणारे ट्रायकोस्ट्रॉन्जायलस, लेंड्यांतून तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे टाकणारे पट्टकृमी आणि करडांना हगवण लावणारा कॉक्सिडिया (हा तर जंतही नव्हे) यांपैकी कोणावरही तिचा उपयोग नाही.

परदेशात सगळीकडे, हीही अतिशयोक्तीच. ऑस्ट्रेलिया आणि ‘वायरव्हॅक्स’ या नावाने दक्षिण आफ्रिका, एवढाच तिचा मुख्य वावर आहे. भारतात ती विक्रीस नाही. तिच्यातील प्रथिने आजही बाधित मेंढ्यांच्या पोटातून गोळा केलेल्या जंतांपासूनच काढावी लागतात, कारण प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवलेल्या प्रथिनांनी तसे संरक्षण दिलेले नाही. शिवाय ती मेंढ्यांसाठी आहे. शेळ्यांवरही तिचे प्रयोग झाले असून लेंड्यांतील जंतांच्या अंड्यांची संख्या घटल्याचे दिसले आहे, पण मेंढीचे माप शेळीला जसेच्या तसे लावता येत नाही. शेळीचे यकृत अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निकामी करते. त्यामुळेच अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलची मात्रा शेळीला साधारण दुप्पट आणि लेव्हामिसोलची दीडपट सांगितली जाते; लेव्हामिसोलमध्ये त्यापुढे गेल्यास विषबाधा होते.

राहिली सरकारी दवाखान्यातली ‘पोटाची लस’. खरा घोटाळा येथे आहे. दवाखान्यात त्या नावाने मिळते ती आंत्रविषाराची, म्हणजे ईटीची लस. आंत्रविषार हा जंतांचा नव्हे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूच्या विषाचा आजार आहे. पहिल्या पावसाचा कोवळा चारा किंवा अचानक जास्त दाणा पोटात गेला की तो उसळतो आणि धडधाकट करडू रातोरात दगावते. ती लस पावसाळ्यापूर्वी अवश्य द्यावी. प्रथमच देत असल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्राही द्यावी. परंतु तिने पोटातला एकही जंत मरत नाही. ही लस टोचून घेतल्यावर जंताचे औषध बंद केलेले गोठे मी पाहिले आहेत, आणि श्रावणात त्याच गोठ्यांतल्या शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी, म्हणजे जंतांनी रक्त घटल्याची खूण, लोंबू लागलेली पाहिली आहे.

संदेशातली बाटली तर तिसरीच निघाली. छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा लेबलावर ‘प्रति मिलि 10 मिलिग्रॅम’ असे वाचता आले. हे आयव्हरमेक्टिनच्या एक टक्का इंजेक्शनचे प्रमाण आहे. ते जंतनाशक औषध आहे, त्याचा अंमल मर्यादित दिवस टिकतो, आणि त्याला न जुमानणारे हिमोंकस जगभर आढळले आहेत. आपल्याकडे सुईतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लस म्हणण्याची सवय आहे. हा संदेश त्या सवयीवर पोसला आहे. ओळख अगदी साधी आहे: लस 2 ते 8 अंश तापमानात, बर्फाच्या पेटीतून आणावी लागते. एप्रिलच्या उकाड्यात औषधाच्या दुकानात उघड्या फळीवर ठेवलेली बाटली लसीची असण्याचा संभव जवळपास नाही.

मग करायचे काय, असा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी उजेडात शेळीची खालची पापणी अंगठ्याने अलगद ओढून आतला रंग पाहावा. तो लालसर असेल तर ठीक. फिका गुलाबी असेल तर सावध व्हावे, आणि कागदासारखा पांढरा असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. दक्षिण आफ्रिकेत याच तपासणीसाठी पाच रंगांचा ‘फमाचा’ तक्ता तयार झाला. सरसकट सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजण्यापेक्षा फिक्या पापणीच्या जनावरांनाच ते दिल्यास औषधाला सरावलेले जंत फोफावण्याचा वेग मंदावतो. मात्रा काट्यावर वजन करून ठरवावी. नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी पडतो आणि अर्धवट मात्रेतून वाचलेले जंतच पुढची पिढी घालतात. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या महिन्यात देऊ नये.

गाळ्यात किंवा जिन्याखाली बांधून पाल्यावर पोसलेल्या बोकडाला नवी बाधा फारशी होत नाही. तो येतानाच गावाकडचे जंत घेऊन आलेला असतो. त्याच्या ताज्या लेंड्या तपासून घेतल्या की औषध हवे की नको ते कळते. औषध दिलेच तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासाव्यात, आणि अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर पशुवैद्यकाला विचारून औषधाचा गट बदलावा. औषध दिल्यापासून मांस खाण्यापर्यंत किती दिवस थांबायचे, तो आकडा बाटलीवर छापलेला असतो. ईदेची तारीख धरून उलट मोजणी करूनच औषधाचा दिवस ठरवावा.