पाय मोडलेला म

पालकसभेत टीचरनी आम्हाला बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं आणि बजावलं, "घरी 'म' शिकवू नका. 'म्' शिकवा. शेवटी अ चिकटवायचा नाही." सगळे पालक एका सुरात म्हणाले, "म." पुन्हा घेतलं. पुन्हा "म". टीचर माझ्यापाशी थांबल्या. "बाबा, तुमचा अ ऐकू येतोय."

येणारच! अडतीस वर्षं तो माझ्या घशात बिनभाड्याने राहतोय.

या फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, एबीसीडीच्या क्रमाने जात नाहीत. आधी एस, ए, टी, आय, पी, एन. कारण एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप लगेच वाचता येतात. अक्षरं २६, पण आमच्या कोर्समध्ये ध्वनी ४२. वरचे सोळा कुठून आले, हे विचारायला बुटक्या खुर्चीतून उठणं भाग होतं. राहिलं.

घरी लेकीला घेऊन बसलो. "कऽ, ॲऽ, टऽ. जोड बघू!"

"कॲटऽ."

मांजराचं चित्र दाखवलं. तरी कॲटऽ. तेवढ्यात पुस्तकात 'द' आला, टी-एच-ईवाला. हा म्हणे फोडायचा नाही, तसाच पाठ करायचा.

"मग आवाज कशाला शिकलो?" लेक म्हणाली. मला पाणी प्यायला जावंसं वाटलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, आम्हीही आधी ग म भ नच गिरवलं. एका वळणाची अक्षरं. चारांतच मग, नग, गगन, नमन. तुमचं ते सॅट-पिन वेगळं काय आहे? फी सोडून."

रविवारी डेक्कनच्या स्टॉपवर उभे होतो. बस आली. लेक पाटीकडे बघत राहिली. पहिलंच जोडाक्षर; आजीच्या पाटीवर ते सगळ्यात शेवटी येणार होतं.

"बाबा, या सचा दांडा कुठे गेला?"

"अर्धा स आहे तो."

"म्हणजे स्! टीचरचा स्!" आणि माझ्या अ-ला वाटेत कुठेही न घेता तिने वाचलं, "स्... वा... र... गे... ट!"

तोवर बस गेली. मागून कात्रजची आली. लेकीने त्र पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

मी रिक्षाला हात केला.